हिरीला माहेरी आणलं ती रात

काय रे प्रणित, झालं का खोरं बघून? दिवसभर हिंडलात, नदीत डुंबलात, मोबाईलवर फोटो काढलेत. आणि दिवे लागायच्या आत परत या म्हटलं तर कुणालीनं तोंड फुगवलं. म्हणे, आबा, इतकं शांत आहे तिथं, चांदण्यात किती मजा आली असती! चांदणं तुमच्या कल्याणपेक्षा चांगलंच पडतं तिथं, त्याला नाय कोण म्हणतो? बसा इथं. ती गोधडी ओढून घे गो. कारण विचारलंत म्हणून सांगतो. फक्त मध्येच 'आबा, खोटं ना?' असं विचारायचं नाय. मग मी उठून झोपायला जाईन.

कुंडलिक माझा दोस्त. आता नाय तो. त्याच्या नि माझ्या अंगणात एक काटेरी कुंपण तेवढं होतं. यातलं बरंचसं त्यानं मला सांगितलं, आणि शेवटचं मी स्वतः पाहिलं.

सत्त्याण्णव साल. पौष पुनव गुरुवारी होती. ही गोष्ट आदल्या दिवसाची, बुधवारची. म्हसा गावची जत्रा पुनवेला भरते, तिला लेकी माहेरी येतात ही आपली रीत. कुंडलिकची धाकटी बहीण हिरी काळू नदीपलीकडं, शहापूरच्या हद्दीत दिलेली. दोन वर्षं सासरच्यांनी तिला जत्रेला पाठवलं नव्हतं. एकदा भाताची झोडणी राहिली होती, एकदा सासू आजारी. माणसं वाईट नव्हती, पण अडेलतट्टू. हिरीनं बाजारात भेटलेल्या माणसाबरोबर निरोप धाडला, "दादाला सांगा, औंदा मला न्यायला येच." म्हणून कुंडलिक मुऱ्हाळी निघाला. मुऱ्हाळी म्हणजे माहेराहून लेकीला न्यायला जातो तो. तुमच्यात फोन केला की लेक रिक्षा करून येते, तुमाला कसं ठाऊक असणार?

दुपारची एस्टी आलीच नाय. वाट बघून बघून कुंडलिक पायी निघाला. खोऱ्यात उतरला तोवर दिवस बुडाला होता. तुमी आज जिथं डुंबलात ना, तिथूनच थोडं वर नदी ओलांडायचा उतार आहे. पौषात पाणी घोट्याएवढं. पलीकडच्या काठावरून हिरीच्या गावची चढण लागते. त्या चढणीच्या तोंडाशी हिरी उभी होती.

"अगो, तू इथं?"

"तुझीच वाट बघते रे दादा. कवापासून बघते."

"चल घरी. पाणी तरी पितो. तुझ्या सासऱ्याला इचारल्याबिगर कसं नेऊ?"

"नको. वर गेलास का पाव्हणचारात रात जाईल. नि सकाळी म्हणतील, आता पुढल्या साली. मी निघालेय. मला ने."

आता मुऱ्हाळ्यानं सासरचा उंबरा न ओलांडता, घोटभर पाणी न पिता लेक परस्पर न्यायची, हे आपल्यात चालत नाय. लोक जन्मभर तोंडावर मारतात. कुंडलिकला हे कळत होतं. पण बहीण 'मला ने' म्हणाली. तुला ही तुझी बहीण कुणाली म्हणाली असती तर तू काय केलं असतंस, प्रणित? सांग की.

वरच्या गावातून बायकांचा गलका येत होता. लांबून नीट कळेना.

"लग्न हाय का गो कुणाचं?" त्यानं विचारलं.

"चल रे," ती म्हणाली.

अरे, पौषात कुठलं आलंय लग्न! पण बहीण भेटल्याच्या आनंदात माणसाला तिथी-महिना सुचतो का? नदी ओलांडल्यावर त्याच्या डोक्यात आलं. आलं, नि तसंच राहिलं.

पायवाट अरुंद. पुढं तो, मागं ती. चांदणं असं की पायाखालचा खडा दिसावा. हिरीचे हात मोकळेच होते. गाठोडं कुठं, म्हटलं, तर म्हणाली, उद्या पाठवतील. मग बोलत राहिली. आई कशी आहे, तांबडी गाय व्याली का, जत्रेत पाळणे आलेत का. कुंडलिकला आठ महिन्यांची पोर होती. आत्यानं तिला अजून पाहिलं नव्हतं.

"कुठं निजते रे ती?"

"पाळण्यात. दारापाशीच."

"आज मी घेईन तिला कुशीत."

"घे की. रातभर रडते, तूच सांभाळ," कुंडलिक हसून म्हणाला. तेव्हा त्याला हसू येत होतं.

खोऱ्याच्या मधोमध ठाकरांची वाडी लागते. तिथला लडकू कुंडलिकच्या जुन्या ओळखीचा. असा की चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाय, नाय म्हटलं तर हात धरून बसवायचा. त्या रात्री तो अंगणात शेकोटीपाशी बसला होता. कुंडलिकनं हाक मारली, "लडकू, बहिणीला जत्रेला न्हेतोय रे!" लडकूनं मान वर केली. कुंडलिककडं पाहिलं. मग त्याच्या मागं पाहिलं.

"थांबू नको," लडकू म्हणाला. "घरी जा तू."

आणि त्यानं पाठ फिरवली. कुंडलिकला राग आला. याला काय झालं आज, असं पुटपुटत तो पुढं निघाला. मागं बघून हिरीला काही म्हणणार होता. पण मान वळेना. मानेला काही झालं नव्हतं. बघू नये, एवढंच वाटत होतं.

हिरी आता बोलत नव्हती. वाळक्या पानांवर त्याचीच पावलं वाजत होती. तो थांबला. आवाज थांबला. तो चालला. एकट्याचाच आवाज. पण ती मागं होती. हे त्याला पक्कं कळत होतं, जसं डोळे मिटले तरी समोरचा दिवा कळतो.

गावचे दिवे दिसायला लागले. तेव्हा ती बोलली. अगदी पाठीशी.

"दादा. आईला सांग, भाकरतुकडा ओवाळू नको."

भाकरतुकडा माहीत आहे ना? लेक माहेरी आली की आई उंबऱ्यावर थांबवते. भाकरीचा तुकडा तिच्यावरून ओवाळते, लांब टाकते, पायांवर पाणी घालते. वाटेत काही बाधा लागली असेल, मागून काही आलं असेल, तर ते बाहेरच राहावं म्हणून. मग लेक आत.

"का गो?"

...

"हिरे, का गो?"

"मला आत यायचंय, दादा."

तेव्हा कुंडलिकला कळलं. सगळं कळलं. पौषातलं लग्न, लडकूची पाठ, सगळं. पाय मात्र चालत राहिले. ते त्याचं ऐकत नव्हते.

"सांगशील ना?"

...

"दादा?"

मला तो म्हणाला होता, मला 'हां' म्हणायचं होतं रे. माझीच बहीण ती. दोन साल वाट बघत होती. पण दारापाशी पाळणा होता. 'नको येऊ' असंही तोंडातून निघेना. कसं निघेल? नि अंगण जवळ येतंय.

अंगण आलं.

धोंडीबाई, त्यांची आई, कंदील घेऊन दारातच बसली होती. वीज नुकतीच गेलेली. तांदळाची ताजी भाकर चुलीवरच्या तव्यावरून काढून तयार ठेवली होती. कुंडलिक पायरीखाली उभा राहिला. आईनं कंदील वर धरला. त्याच्या खांद्यावरून मागं पाहिलं. आणि तिचा चेहरा फुलला रे. हे सांगताना कुंडलिक दरवेळी रडायचा.

"ये गो बाय माझी. किती वाळलीस! थांब, थांब तिथंच..."

ती तुकडा घेऊन पुढं झाली. कुंडलिकनं तोंड उघडलं. आवाज नाय. आईचा हात धरावा म्हणून हात उचलला. हात उचलला गेला नाय. आई त्याला बाजूला सारून दोन पायऱ्या उतरली. हात फिरला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. तुकडा लांब अंधारात गेला.

मग तिनं तांब्या वाकडा केला. पायांवर पाणी घालायला.

पाणी पायरीच्या दगडावर पडलं.

"हिरे?"

...

"कुंडलिक, आताच तर हुती. कुठं गेली रे?"

मी झोपेतून उठलो ते धोंडीबाईच्या हाकांनी. बाहेर आलो. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून खोऱ्याकडं तोंड करून हाका मारत होती. कुंडलिक पायरीवर बसला होता, ओल्या दगडावर. आत पोर पाळण्यात शांत झोपलेली, त्या रात्री एकदाही रडली नाय. मी काय झालं म्हणून पहाटेपर्यंत विचारत राहिलो.

उजाडता उजाडता दुधाच्या टेम्पोतून हिरीचा दीर महिपत आला. उतरला नि अंगणातच थांबला, पुढं पाऊल टाकेना.

"वैनी गेली," तो म्हणाला. "आठ दिस ताप हुता. काल दिवे लागताना गेली. सारखी इचारत हुती, दादा आला का, दादा आला का."

धोंडीबाई रडली नाय. तिनं कुंडलिककडं पाहिलं. त्यानं खाली पाहिलं. मग ती स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत बसली. कोणाला दोष द्यायचा, सांगा मला. आई रीतीला चुकली नाय. भाऊ न्यायला गेला, घेऊनही आला. मला आजही कोणाचा तरी राग येतो, नि तो कोणावर काढावा ते कळत नाय.

जीप करून आमी गेलो. चढण चढून त्यांच्या घरी पोचलो तेव्हा तिला ओसरीवर ठेवलं होतं. उजवी मूठ मिटलेली. बायका सांगत होत्या, आंघोळ घालताना खूप सोडवली, सुटलीच नाय. धोंडीबाई तिच्याजवळ बसली. मुठीवर हात ठेवला. मूठ आपोआप सुटली.

आत तांदळाच्या भाकरीचा तुकडा होता. त्या घरात नाचणी खातात. धोंडीबाईनं तो उचलून माझ्या हातावर ठेवला, जणू मी काही सांगू शकेन.

हिरीचा तळवा मी हात लावून पाहिला होता, गार पडलेला. तुकडा गरम होता.