साखरशास्त्राचे प्राध्यापक

सकाळच्या अंकात, पहिल्याच पानावर, साखरशास्त्राचे एक प्राध्यापक अवतरले होते. नदीत विष कसं मिसळलं ते वाचकांना समजावून सांगत होते.

संपादकांचा फोन थांबत नव्हता. बातमी रसायन कारखान्याची, छापली गेली साखर कारखान्याच्या नावाने. दोन्ही कारखाने एकाच नदीकाठी. साखरवाले कोर्टाची भाषा करत होते, रसायनवाले निवांत होते.

बातमी लिहिणाऱ्या उपसंपादक मुलीला सगळे वीज म्हणत. तिचा हात माऊसला लागत नसे. कापणं, चिकटवणं, शोधून बदलणं, सगळं कीबोर्डच्या शॉर्टकटने. घाईत तिनेच घोळ घातला, यावर कचेरीचं एकमत झालं. संपादकांनी माफीपत्र तिच्यापुढे सरकवलं.

"सही करणार नाही," वीज म्हणाली. "भरभर काम करते म्हणून मला बेफिकीर ठरवू नका."

गुन्हेवार्ता लिहिणाऱ्या मावशींनी मध्ये पडून दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली.

संपादकांनी शेवटचं वाचलं तेव्हा बातमी ठीक होती. त्यानंतर फाइल उघडू शकणारे तिघंच: संपादक, वीज आणि ज्येष्ठ उपसंपादक नाना. नानांना कुणी हिशेबातच धरत नव्हतं. आपल्याला कॉपी-पेस्टसुद्धा येत नाही, हे ते वर्षानुवर्षं छाती फुगवून सांगत आले होते. त्यांचा मजकूर इतरांनीच टाइप करायचा.

मावशींनी तिघांना एकेक करून आपल्या कॉम्प्युटरवर हकिगत लिहायला बसवलं. विजेचं पापणी लवेपर्यंत झालं. संपादक ओळीओळीला माऊस चाचपत राहिले. नाना उजव्या हातात चष्मा धरून, डाव्या हाताच्या एका बोटाने अक्षरं शोधत होते. एक शब्द दुरुस्त करायला मावशी वाकल्या आणि अख्खा मजकूर नाहीसा झाला. त्या हात मागे घेऊन चुकचुकल्या. नाना "थांबा" म्हणाले, आणि मजकूर जागच्या जागी आला. ते पुन्हा अक्षरं शोधू लागले.

दुपारी तिघं संपादकांच्या केबिनमध्ये जमले. मावशी उभ्याच राहिल्या.

"हाताने एकेक शब्द बदलणारा साखरशास्त्र कशाला जन्माला घालेल?" त्या म्हणाल्या. "'रसायन' दिसेल तिथे 'साखर' कर, असा हुकूम कॉम्प्युटरला एका फटक्यात दिला गेला. 'रसायनशास्त्र'ही त्यात सापडलं. विजेला हे येतं, पण स्वतःची बातमी ती का मोडेल? संपादक ओळीओळीला अडतात, शिवाय स्वतःचाच पेपर ते कोर्टात का ओढतील? राहिले नाना."

"मला तर यातलं काही..."

"तुमचा मजकूर मी मुद्दाम पुसला होता, नाना. तो परत कुणी आणला? माझा हात कीबोर्डवर नव्हता. तुमच्या उजव्या हातात चष्मा होता. डाव्या हाताने तुम्ही कंट्रोल आणि झेड दाबलंत, न बघता. बोटांना रोजची सवय असल्याशिवाय असं होत नाही."

नानांनी चष्मा घातला, पुन्हा काढला. कामं गळ्यात पडू नयेत म्हणून आधी सोंग घेतलं होतं, ते म्हणाले. काल ते कामाला आलं. जावई रसायन कारखान्यात व्यवस्थापक होता. मुलीचं घर सावरायचं होतं.

नानांना संपादकांनी तिथल्या तिथे घरी पाठवलं. मग आवाज खाली आणून म्हणाले की टंकनदोष म्हणून चार ओळींचा खुलासा देऊ, बाकीचं मालकांना विचारून ठरवू.

"विचारा," वीज म्हणाली. "लोक तेच पाणी पितायत."

ती जागेवर जाऊन बसली. बातमी पुन्हा लिहिली, घोळ कुणी आणि का घातला तेही लिहिलं. संपादकांनी मथळ्यात 'कथित' घातलं. तिने त्यांच्यासमोर ते खोडलं. त्यांनी पुन्हा घातलं. तिने पुन्हा खोडलं आणि कीबोर्ड त्यांच्याकडे ढकलला.

"मी ते पाणी पाहून आलेय. तुम्हाला घालायचंच असेल, तर बातमीवर माझ्याऐवजी तुमचं नाव घाला."

संपादकांनी कीबोर्ड बाजूला सारला. मग त्यांनी पान छपाईला सोडलं, तिचं नाव ठेवून, 'कथित'शिवाय.