झोपडीमागची ओली माती

"साहिल, आऊट! निघ बाहेर!" लपाछपीत राज्य असलेली चिन्मयी ओरडली.

अर्धवट बांधलेल्या इमारतीशेजारी मजुरांच्या टिनाच्या झोपड्या होत्या. त्यांच्यामागून साहिल पाय झटकत आला. "चप्पल भिजली वं! कसा वास येऊन राहिला पाहा!"

आधीच आऊट झालेल्या संघपालने वाकून हुंगलं. "डिझेल!"

मे महिना. हुडकेश्वरच्या वस्तीत प्यायच्या पाण्याचा टँकर येईना, आणि इथे माती ओली? तिघं झोपडीमागे गेले. विटांच्या आड निळे प्लॅस्टिकचे ड्रम उभे होते. काठोकाठ भरलेले, उन्हाने फुगलेले. एकाच्या झाकणातून डिझेल झिरपत होतं आणि पत्र्याखालून थेट झोपडीत शिरत होतं.

आत कामिनीकाकू चुलीत लाकडं रचत होती. शेजारी झोळीत तिचं बाळ झोपलेलं.

"काकू, काडी ओढू नका!" चिन्मयी ओरडली.

"काहून वं? उपाशी राहू?"

"वास नाही येत?"

"तो तं रोजचाच. स्लॅब चिकटू नये म्हून सेंट्रिंगच्या पाट्यांले डिझेल-ऑइल लावतेत ना."

रोजच्या वासाने सगळ्यांची नाकं मेली होती!

"पण पाट्या तर कालच ट्रकमधून गेल्या ना!" संघपाल म्हणाला. "मग हा वास कशाचा?"

काकूने एक लाकूड उचललं. खालून ते चिंब होतं. तिने झटकन बाळाला उचललं आणि बाहेर धावली. तिच्या हाकेने सगळे मजूर जमले.

सुपरवायझर भैयाजीही आला. "कायचा तमाशा आहे? पोट्टेहो, चला निघा!"

"ड्रम इथं कोणी ठेवले?" चिन्मयीने विचारलं.

"मी! झोपड्यांले लागून ठेवले की चोरी होत नाही. चौकीदार लागत नाही. अन् डिझेल असं भडकत नसते, पोरी. काही होत नाही!"

"नक्की?"

"नक्की!"

चिन्मयीने काकूकडची काडीपेटी त्याच्यासमोर धरली. "मग आत जा. तुम्हीच पेटवा चूल."

भैयाजीने काडीपेटीकडे पाहिलं, झोपडीकडे पाहिलं. आणि तो दोन पावलं मागे सरकला.

"याले माहीत होतं!" साहिल किंचाळला.

काकूने बाळाला छातीशी धरलं. "भैयाजी, म्हणजे माह्या लेकराले चौकीदार ठेवलं होतं तुमी?"

भैयाजीने मालकाला फोन लावला.

फोन गेला तसे बिल्डर मधुकरराव धावत आले. "शाब्बास, पोरांनो! केवढा अनर्थ टाळलात! कोणत्या शाळेत आहात?"

"शाळेचं मागून सांगू, काका," चिन्मयी म्हणाली. "आधी ड्रम हलवा."

तिघं तिथून हललेच नाहीत. डिझेल लोखंडी ड्रमांत गेलं, वर थोडी जागा सोडून. ड्रम वस्तीपासून लांब, सावलीत, विटांच्या बांधाआड गेले. शेजारी वाळूच्या बादल्या आल्या. भिजलेली माती खणून काढली. भैयाजीही घमेली वाहत होता.

मग काकूने उघड्या मैदानात नवी चूल मांडली. "तुमच्यामुळे वाचलो गा आम्ही," ती म्हणाली आणि काडी ओढली. सगळ्यांनी श्वास रोखला.

फक्त चूलच पेटली.

बाळ जागं झालं आणि भोकाड पसरून रडू लागलं. त्याला कोणीही गप्प केलं नाही; तो आवाज सगळ्यांना हवाच होता.