उजवीकडचं वजन

हसायचं तर हसा. पण हे घडलंय. वेंडेल स्ट्राउड माझा शेजारी. त्यानं सांगितलं तसंच सांगतो.

नॉर्थ कॅरोलायनातलं कॉनकॉर्ड. नोव्हेंबरमधला रविवार. रात्र नव्हती, लख्ख दुपार होती.

वेंडेलची बायको कॉनी फेब्रुवारीत गेली. तो रडला नाही. कामावर जायचा, डब्यातलं सूप गरम करून खायचा. आणि रविवारी कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेममध्ये मेव्हण्याच्या गाडीचं सेटिंग करून द्यायचा. स्प्रिंग किती कडक, टायरात हवा किती, हे वेंडेल ठरवायचा. कॉनीचा धाकटा भाऊ रस्टी आपल्या घरून ती गाडी पळवायचा. बोलणं हेडफोनवर.

"दाजी, गाडी उजवीकडे ओढतेय."

वेंडेलनं टायरची हवा बदलली.

"अजून ओढतेय. म्हातारे झालात की काय?"

मग त्यानं चाकांवरचं वजन बघितलं...

उजवीकडे सव्वाशे पौंड जास्त.

त्यानं टाकलेले नव्हते. सगळं पुसून पहिल्यापासून केलं.

वजन तिथंच.

"बाजूला कुणाला बसवलंय का?" रस्टी हसला.

अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, शेजारचा उजवीकडे. पण रेसच्या गाडीत दुसरी सीटच नसते.

एक फेरी झाली. कानात नुसतं इंजिन...

"दाजी, वळण आलं की दातांतून श्वास का ओढताय?"

"मी नाही ओढत."

"ऐका ना... हे बघा, परत..."

स्स्स...

वेंडेललाही ऐकू आलं.

कॉनी गाडीत बसली की दर वळणाला अशीच करायची. लग्नाआधीपासून.

"ताई..." रस्टीच्या तोंडून निघालं. "दाजी, बंद करू या."

"थांब जरा."

वेंडेलला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. हात आपोआप चालत होते. वजन काढायचा नाद त्यानं सोडला. उजवीकडची स्प्रिंग कडक केली, डावीकडची सैल. ते वजन धरूनच गाडी जुळवली.

"आता?"

"सरळ जातेय." रस्टी रडत होता.

वेंडेलनं ते सेटिंग सेव्ह केलं. रस्टी त्यानंतर खेळायला आला नाही.

सोमवारी सकाळी वेंडेलनं पिकअप सुरू केली...

टिंग... टिंग... टिंग...

सीटबेल्टची घंटी. त्याचा पट्टा तर लावलेला होता.

शेजारची सीट रिकामी.

तो वाकला, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि अडकवला.

घंटी थांबली. तो कामावर गेला.

हे सगळं त्यानं मला हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं.

परवा माझी गाडी बंद पडली. त्याची पिकअप दिसली, मी हात केला. पुढचं दार उघडायला गेलो, तर म्हणाला,

"मागे बस."

बसलो.

घर येईपर्यंत मी मान वर केली नाही.