रत्नाबाईंचं कुलूप

हसतोयस, कुश? हस. मीही हसलो असतो. पण नरेंद्र माझा जुना रूममेट, आणि थापा मारायची अक्कल त्याला कधीच नव्हती.

इथलीच गोष्ट, आपल्या हर्नडन गावातली. दोन हजार पंचवीस, सोळा जानेवारी, गुरुवार. ऑफिसातून येताना नरेंद्रने दुकानातून एक नवं कुलूप घेतलं, सोबत दोन चाव्या. त्याच्या घराच्या बेसमेंटला बाहेरून वेगळं दार आहे. तिथे रत्नाबाई भाड्याने राहायच्या, एकट्या. तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होत्या. आता या कसल्या परत येतात, असं स्वतःच ठरवून यानं खोली दुसऱ्याला कबूल करून टाकली. बाईंचं सगळं सामान अजून आत.

त्याची बायको नीला त्याला म्हणाली होती, "त्या अजून तिथे राहतात रे. कुलूप बदलायचंच असेल तर चावी आधी त्यांच्या हातात दे." कायदाही तेच सांगतो. त्याच सकाळी बाईंचा फोन आला, आज संध्याकाळी घरी येते म्हणून. हा मूग गिळून बसला. दार उघडलं नाही की जातील पुतण्याकडे, असा त्याचा हिशोब. मला त्याचा अजून राग येतो.

सात चाळीसला कुलूप बसवून झालं. त्यानं आतून दार लावलं, कुलपाची आतली खिट्टी फिरवून पाहिली. ठीक होती. दोन्ही चाव्या खिशात टाकल्या.

तेवढ्यात बाहेरून कुलपात चावी शिरली.

फिरली नाही. निघाली. पुन्हा शिरली…

त्यानं दारातल्या भिंगातून पाहिलं. दिवा चालू. पायऱ्यांवर बर्फ. बर्फात पावलं फक्त त्याचीच.

"नरेंद्रभाऊ… माझी चावी लागत नाहीये."

आवाज बाईंचाच. नेहमीसारखा संकोचलेला.

उघडायला हवं होतं. हात उठला नाही.

फोन वाजला. नीला होती. "अरे, हॉस्पिटलमधून फोन आला, रत्नाबाई गेल्या. साडेपाचलाच. कोट घालून बसल्या होत्या, घरी यायला…"

बाहेर शांत.

मग खिट्टी हलली. हळूच… पूर्ण फिरली.

दार कोणी ढकललं नाही.

बऱ्याच वेळानं त्यानंच ते ओढलं. बाहेर कोणी नव्हतं. कुलपात एक चावी लटकत होती. त्याच्या दोन्ही चाव्या खिशातच होत्या. ही तिसरी. मी स्वतः फिरवून पाहिली आहे, त्या कोऱ्या कुलपाला ती लागते. आणि तिचे दाते पार झिजलेत… वर्षानुवर्षं रोज वापरल्यासारखे.