पाहुण्या पेशी का चिडल्या?

दोन पिंजरे. उंदीर एकाच जातीचे. त्यांना बाहेरून मिळालेली अस्थिमज्जा (हाडांच्या पोकळीतला, रक्त तयार करणारा मऊ गर) तीही एकाच प्रकारच्या उंदरांची. तरी डावीकडचे उंदीर पाठ वाकवून, केस पिंजारून मलूल बसले होते आणि उजवीकडचे हुंदडत होते.

"असं का?" अन्विताने विचारलं.

भाऊआजोबा, म्हणजे तिच्या आईचे काका, या प्रयोगशाळेत संशोधक होते. त्यांनी तिला मुद्दाम बोलावलं होतं. लवकरच तिची मज्जा तिच्या आजारी भावाला, ओजसला, द्यायची होती आणि कालपासून ती "मी नाही देणार" म्हणून हटून बसली होती.

"माझ्या पेशी ओजसवरच हल्ला करतील," ती रडवेली होऊन म्हणाली. "मी वाचलंय."

"वाचलंस ते खोटं नाही. त्याला ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट आजार (पाहुण्या पेशींनी यजमानाच्या शरीरावर केलेला हल्ला) म्हणतात. पण नवी मज्जा रुजायला आधी काय लागेल, सांग बरं?"

"जागा?"

"शाब्बास! म्हणून आधी औषधांनी जुनी मज्जा काढून टाकतात. याला पूर्वतयारी म्हणतात. या दोन पिंजऱ्यांत फरक आहे तो या औषधाचाच."

आजोबांनी शरीराच्या आतलं दाखवणारं यंत्रभिंग पिंजऱ्यांकडे फिरवलं. उंदरांना धक्काही न लावता त्यांच्या आतड्यांची चित्रं हवेत उभी राहिली. डाव्या चित्रात आतड्याचं अस्तर ठिकठिकाणी सोललं होतं, उजव्यात ते अखंड होतं.

"डावीकडचं औषध कडक होतं, उजवीकडचं सौम्य. अस्तर फाटलं, जंतू आत शिरले, शरीराने धोक्याचे रासायनिक संदेश सोडले. त्याच गोंधळात नव्या मज्जेतल्या, जंतूंशी लढणाऱ्या सैनिक पेशी येऊन पोचल्या..."

"आणि त्यांना सगळेच शत्रू वाटले!" अन्विता म्हणाली. "मग सगळ्यांना सौम्यच औषध द्या की!"

"फारच सौम्य दिलं, तर जुनी मज्जा तग धरते आणि नवीला हाकलून देते. मधला मार्ग शोधावा लागतो. शिवाय हे उंदीर आहेत. माणसात सगळं असंच घडेल असं नाही. ओजसचे डॉक्टर माणसांवर पारखलेलीच औषधं देतील. तरीही धोका थोडा उरतोच, बाळा."

अन्विताने उजवीकडच्या हुंदडणाऱ्या उंदरांकडे पाहिलं. मग म्हणाली, "डॉक्टरांना सांगा, मी तयार आहे."

मज्जा दिल्यावर काही दिवसांनी ओजसच्या तळहातांवर लाल पुरळ उठलं. पाहुण्या पेशींच्या हल्ल्याचीच ती खूण होती. पण डॉक्टरांनी औषधांनी ते आवरलं आणि हळूहळू ओजसच्या अंगात नवं रक्त तयार होऊ लागलं.

सुट्टी लागताच अन्विता पुन्हा प्रयोगशाळेत आली. "आजोबा, पाहुण्या पेशींना आधीच यजमानाची ओळख करून दिली, तर त्या भांडणारच नाहीत ना?"

"अजून कुणालाच नीट ठाऊक नाही," आजोबा म्हणाले आणि त्यांनी तिच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली.