डावीकडचं दार

आपल्या कत्तलखान्यात मेंढ्या ओरडत नाहीत, याचा मुकादमाला अभिमान होता. ट्रकमधून उतरताना त्यांची धांदल उडायची. पण पुढाऱ्याच्या गळ्यातली घंटी वाजली की अख्खा कळप गुमान त्याच्या मागे लागायचा. पुढारी म्हणजे एक पांढरा, दाढीवाला बोकड. उंच भिंतींच्या बोळातून तो सगळ्यांच्या पुढे चालायचा. पुढचं काही दिसू नये म्हणून बोळ वळवून बांधलेला होता. वळणावर डावीकडे छोटं दार होतं. पुढारी त्यातून बाहेर यायचा, मुकादम बाहेरून खिट्टी लावायचा आणि मेंढ्या सरळ पुढे जायच्या.

"सगळ्या पुढाऱ्यांची हीच तऱ्हा," कामगार म्हणायचे. "जनतेला पुढे घालायचं आणि आपण बाजूनं पसार."

मुकादमही हसायचा. पण कुणी नाक मुरडलं, की तो शांतपणे सांगायचा, "आमच्याकडे जनावर घाबरत नाही. घाबरलं नाही म्हणजे त्रास नाही." यावर त्याचा मनापासून विश्वास होता. त्याला झोप चांगली लागायची.

त्याच्या मुलीला मात्र हे पटत नसे. पोरगी भांडकुदळ, तिचं बापाशी एकाही गोष्टीवर एकमत व्हायचं नाही. शाळेतून येताना ती फाटकाच्या गजांतून पुढाऱ्याला गाजराची सालं भरवायची.

"तो काय करतो ते त्याला माहीत नाही ना, बाबा?"

"तो बोकड आहे गं."

"तुला तर माहीत आहे!"

मग पुढाऱ्याचे गुडघे आखडले. त्याला घरी आणायचं, असं मुकादमानं मुलीला कबूल केलं. पण मॅनेजर म्हणाला, "आत आलेलं जनावर बाहेर जात नाही, मुकादम. नियम तुम्हीच सगळ्यांना शिकवता."

मुकादमानं दोन-चार दिवस चालढकल केली. शेवटी घंटी स्वतःच्या हातात घेतली, डावीकडचं दार लावून घेतलं आणि बोळातून पुढे चालू लागला. पुढारी लंगडत मागे आला. वळणावर तो सवयीनं थांबला. बंद दाराला त्याने नाक लावलं. घंटी वाजली, तसा तो पुन्हा चालू लागला.

"कधी आणतोयस त्याला?" रात्री जेवताना मुलीनं विचारलं.

मुकादमानं मान खाली घातली. "गेला तो."

ती आता ताट आपटणार, अशी त्याची खात्री होती. पण तिनं हळू आवाजात एवढंच विचारलं,

"घाबरला का?"

"अजिबात नाही. माझ्यामागे आला सरळ."

तिनं निमूटपणे ताट उचललं आणि घासून ठेवलं.

नवा बोकड तयार होईपर्यंत मुकादमच कळपापुढे चालू लागला. मेंढ्या त्याच्यामागे येत. एकदा घंटी न्यायची राहिली, तरी आल्या. मॅनेजर खूश झाला.

घरी परतताना रस्त्यावरची कुत्री त्याच्यामागे लागली. ती भुंकत नव्हती, हुंगत नव्हती. एकामागे एक चालत होती. एकदा दुकानासमोरच्या रांगेतून एक अनोळखी बाई निघाली आणि हातात रिकामी पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत त्याच्यामागे आली. तो थांबला, तशी तीही थांबली.

"काय हवंय?" त्यानं विचारलं.

तिनं हातातल्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं. ती ओशाळून परत गेली.

आणि मुलगी. तो स्वयंपाकघरात गेला की मागे ती. गॅलरीत गेला की मागे ती. तिची नजर त्याच्या टाचांवर असायची.

"अहो, पोरगी शहाणी झालीय," बायको म्हणाली. "आता उलटा शब्द नाही तोंडात."

त्यानं तिची वही लपवली. तिच्या केसांना नावं ठेवली. काही केल्या ती चिडेना.

"भांड ना माझ्याशी," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"कशावरून, बाबा?"

आता पुन्हा कामावर जायचं नाही, असं त्यानं त्या रात्री ठरवलं. ती पूर्वीसारखी कडाकडा भांडायला हवी होती. बाकी काही नको.

सकाळी जाग आली ती घंटीच्या आवाजानं. घंटी तर तिकडे, कत्तलखान्यातल्या खुंटीला होती.

मुलगी दारातून बाहेर पडत होती. तिनं मागे पाहिलं नाही.

"अगं, थांब!"

तो अनवाणीच तिच्यामागे धावला. धावला, असं त्याला वाटलं. पावलं तिच्याच पावलांच्या तालात पडत होती, भरभर उचलत नव्हती. रस्ता मागे पडला. सुट्टीचा दिवस असूनही फाटक उघडं होतं. बोळातली जमीन धुतलेली, ओली होती.

ती वळणावर पोचली. डावीकडचं दार उघडलं. ती बाहेर गेली.

दार लागलं. पलीकडून खिट्टी सरकली.

त्यानं लाकडावर हात ठेवला. त्याच्या कमरेच्या उंचीवर, फळीला एक ओलसर डाग होता. नाक टेकल्यासारखा.

"बाबा," ती पलीकडून म्हणाली. आवाज मायेचा होता. "घाबरलास का?"

त्याला हो म्हणायचं होतं. ओरडायचं होतं. त्यानं छातीत भीती शोधली.

ती कुठेच नव्हती.

वळणापलीकडे घंटी वाजली. त्यानं दारावरचा हात काढला.