नऊ नंबरच्या न्हाणीघरातली घंटा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या, युए-चिनच्या बाबतीत घडलंय.

१९ मे २०१९. रविवार. ई-लान गावातला एक वृद्धाश्रम, दुपारचे दोन.

दुपार म्हटल्यावर नाक मुरडू नका. रात्री तिथे दोनच परिचारिका असतात, तेव्हा घंटा बंद ठेवून चालत नाही. म्हणून सर्व्हरचा अपडेट भर दुपारी, सगळी माणसं हाताशी असताना.

म्हाताऱ्या माणसाने दोरी ओढली की खाली परिचारिकांच्या टेबलावर घंटा वाजते. कुठली घंटा कुठे वाजायची, ते सर्व्हरमधल्या फाइलींत लिहिलेलं असतं. त्या फाइली बसवल्या होत्या माझ्या भावजींनी, वेई-थांगनी.

फेब्रुवारीत भावजी गेले. घरच्या न्हाणीघरात पडून.

ताई बाहेरच होती. कपडे धुवायचं यंत्र चालू होतं. त्यांनी आतून दार ठोठावलं होतं, बोटं सोलवटली होती...

तिला ऐकूच आलं नाही.

तेव्हापासून ताई रडली नाही, हसलीही नाही. दोघं एकाच कंपनीत, त्यामुळे त्यांचं काम तिच्याकडे आलं. ती ते करत राहिली.

त्या दुपारी साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे लाओ फांग, भावजींचा जुना मित्र.

"वहिनी, सगळ्या फाइली नव्याच घ्या हं. आमच्या वेई-थांगची जुनी खिचडी ठेवली की नवं सॉफ्टवेअर रुसून बसतं. आधी नवं घ्या, मग यादी बघून लागेल तेवढं हाताने भरा."

"हो."

"आणि हिरवं पाकीट? तारीख बघितलीत?"

"कालच नवं ठेवलं."

आमच्याकडे प्रत्येक सर्व्हरवर एका कुरकुरीत खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात. त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग', म्हणून यंत्रानेही तसंच वागावं. तारीख उलटली की यंत्र बिघडतं म्हणतात, आणि त्यावर हसणारा इंजिनियर मी तरी पाहिलेला नाही.

अपडेट सुरू झाला. मग प्रश्न येऊ लागले.

ही फाइल इथे कुणीतरी बदललेली आहे. जुनी ठेवू, की नवी घेऊ?

हा 'कुणीतरी' म्हणजे भावजी.

ताईने दाबलं, नवी. पुन्हा नवी. पुन्हा नवी. दर वेळी नवरा थोडा थोडा पुसला जात होता. "मला काही वाटलंच नाही गं," ती मला नंतर म्हणाली. "भांडी घासल्यासारखं वाटलं."

तेरावा प्रश्न आला. घंटांची फाइल.

तिने काहीच दाबलं नाही. डोळे चुरचुरत होते. ती उठली, तोंड धुवायला बाहेर गेली. नळ मोठा सोडून तशीच उभी राहिली.

परत आली तर...

पडद्यावर प्रश्न नव्हता. अपडेट पुढे सरकला होता.

आपणच जाताना 'नवी' दाबलं असेल, असं तिला वाटलं. ती खुर्चीवर बसली...

पाय जमिनीला टेकेनात.

कुणीतरी खुर्ची उंच केली होती. भावजी सहा फुटांचे. ताईने दांडा ओढून खुर्ची खाली घेतली आणि कामाला लागली. अंगावर काटाही आला नाही, म्हणे.

यादी बघून भरायला तिने घंटांची फाइल उघडली. सगळं आधीच भरलेलं होतं. कसं, हे तिने स्वतःलासुद्धा विचारलं नाही. बावीस खाटांच्या घंटा वाजवून बघितल्या. न्हाणीघरातल्या नाही बघितल्या, कारण त्या यादीतच नव्हत्या.

चार वाजून दहा मिनिटांनी खाली घंटा वाजली.

नऊ नंबर. न्हाणीघर.

परिचारिका धावल्या. कुओ आजी ओल्या फरशीवर पडल्या होत्या, खुबा मोडला होता, दोरी मुठीत घट्ट. आजी वाचल्या.

"ताई, तुमचे उपकार हो," मोठ्या परिचारिकाबाई ताईचा हात धरून म्हणाल्या. "अजून अर्धा तास कळलं नसतं, तर संपलंच होतं सगळं."

ताईने हात सोडवून घेतला.

सोमवारी सकाळी लाओ फांग अपडेटची नोंद वाचत बसले होते.

"वहिनी, तेरावी जुनी ठेवलीत तुम्ही? देव पावला! अहो, नव्या फाइलीत न्हाणीघराच्या घंटाच नाहीत, आणि यादीतही नाहीत. तुम्ही माझं ऐकलं असतं, तर आजींचा जीव गेला असता."

"मी नाही ठेवली."

"मग काय सर्व्हरने स्वतः ठेवली? हे बघा, दोन सदतीसला उत्तर दिलंय. कीबोर्डवरून."

सर्व्हरच्या खोलीचं दार कार्डानेच उघडतं; ताईने त्याची नोंद काढून त्यांच्यापुढे ठेवली. ती बाहेर गेली दोन पस्तीसला. आत आली दोन एक्केचाळीसला.

मधे दार उघडलंच नव्हतं.

लाओ फांग एरवी थट्टेशिवाय बोलत नाहीत. त्या दिवशी ते जेवायलाही उठले नाहीत.

यंदा मार्चमध्ये तिथे पुन्हा अपडेट होता. बारा फाइलींना ताईने पटापट उत्तरं दिली. घंटांच्या फाइलीचा प्रश्न आला, तेव्हा तिने हात मांडीवर ठेवले. खोलीतला एसी बंद केला. फोन बंद केला. बारीकसासुद्धा आवाज निसटू नये म्हणून श्वास रोखून बसली.

एक तास.

काही नाही... प्रश्न तसाच.

मग ती उठली. बाहेर जाऊन नळ पूर्ण सोडला आणि पाच मिनिटं पाण्याकडे बघत राहिली.

परत आली तेव्हा उत्तर दिलेलं होतं. जुनी.

हे ती मला जेवताना सांगत होती. आवाज सपाट, भाजीचा भाव सांगावा तसा. माझा घास हातातच राहिला. मी विचारलं, "ताई, तुला भीती नाही वाटत?"

"भीती कसली गं?" ती म्हणाली. "पण मी समोर कान लावून बसले होते ना. तेव्हा का नाही आले ते?"

आता माझ्या घरी मी एकटी असताना नळ मोठा सोडत नाही.